मेंदूच्या आजारांचा वेग मोजणारं करिअर: बायोस्टॅटिस्टिक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसेज तीन प्रकारच्या लोकांचे येतात. काम काय ते विचारणारे, करिअर विचारणारे, आणि घरात कुणी आजारी आहे म्हणून विचारणारे. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी मूळची सांगलीची, एमएस्सी स्टॅटिस्टिक्स पुण्यातून, मग काही वर्षं एका सीआरओमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठी औषधांच्या चाचण्या (ट्रायल) चालवून देणाऱ्या संस्थेत, मग युरोपात पीएचडी आणि आता परत पुण्यात.

ताई, तुम्ही नक्की करता काय? घरच्यांना कसं सांगता?

एएलएस म्हणजे ज्यात शरीरातले स्नायू हळूहळू निकामी होतात तो, अल्झायमर, पार्किन्सन म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं कंपवात म्हणतात तो, हंटिंग्टन हा घराण्यातून येणारा मेंदूचा आजार, असे जे आजार हळूहळू वाढत जातात ते कोणात किती वेगाने वाढतात हे आकड्यांवरून काढायचं. आणि मग एखादं औषध दिलं तर तो वेग खरंच कमी झाला का, की आपल्याला नुसता तसा भास होतोय, हे सांगायचं. आईला मी असं सांगते की डॉक्टर एका पेशंटकडे बघतात, मी पाचशे पेशंटांच्या फायली शेजारी शेजारी ठेवून बघते. तिला पटलंय.

म्हणजे तुम्ही डॉक्टर का? बाबांचे रिपोर्ट पाठवू का?

नाही, मी मेडिकल डॉक्टर नाही, पीएचडीवाली आहे. रिपोर्ट प्लीज पाठवू नका, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच दाखवा. पार्किन्सनसाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे घरच्यांना माझ्यापेक्षा खूप जास्त मदत होईल.

प्रोग्रेशन मॉडेल म्हणजे काय? नुसती सरासरी काढून चालत नाही का?

आजार वेळेनुसार कसा वाढतो हे आकड्यांत मांडणारं गणित म्हणजे प्रोग्रेशन मॉडेल. एएलएसचंच उदाहरण घेते कारण माझं जास्त काम त्यातच आहे. त्यात एएलएसएफआरएस-आर नावाचं स्केल असतं, १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४८. बोलणं, गिळणं, लिहिणं, कपडे घालणं, अंथरुणात कूस बदलणं, जिना चढणं, श्वास, असे रोजचे प्रश्न. निरोगी माणसाचे ४८ आणि आजार वाढतो तसे गुण कमी होतात, ट्रायलमधल्या पेशंटांचं सरासरी बघितलं तर महिन्याला साधारण एक गुण.

पण ही सरासरी कुणा एकाचीच नसते. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, आणि दुसरीकडे निदानानंतर वर्षभरात जाणारी माणसंही आहेत. दोघांची सरासरी काढून जी रेघ येईल ती दोघांपैकी एकालाही लागू नाही. म्हणून आम्ही मिक्स्ड मॉडेल वापरतो. त्यात सगळ्यांची मिळून एक रेघ असते आणि शिवाय प्रत्येक पेशंटची स्वतःची रेघ असते, जी त्या मधल्या रेघेपासून किती वर-खाली आणि किती तिरकी आहे हे मॉडेल शिकतं. ज्याच्या फक्त दोनच व्हिजिट झाल्यात त्याच्याबद्दल मॉडेल जपून बोलतं, त्याला मधल्या रेघेकडे थोडं ओढतं, आणि ज्याच्या दहा व्हिजिट आहेत त्याच्या स्वतःच्या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवतं. लेअर्ड आणि वेअर या दोन स्टॅटिस्टिशियनचा यावरचा पेपर १९८२ चा आहे आणि आजही रोजचं काम त्यावरच चालतं.

मधेच पेशंट यायचे बंद झाले तर? तो डेटा टाकून देता का?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि माझ्या मते सगळं काम याच्यातच आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लावते.

समजा चार पेशंट आहेत, चौघांचेही सुरुवातीला ४० गुण. बाराव्या महिन्यात ३६, ३४, २० आणि १०, म्हणजे सरासरी २५. अठराव्या महिन्यापर्यंत १० वाला वारला, २० वाल्याला व्हीलचेअरवरून एवढ्या लांब हॉस्पिटलला आणणं घरच्यांना जमेना म्हणून तो यायचा थांबला. राहिले दोघं, त्यांचे ३३ आणि ३१. सरासरी ३२. म्हणजे चारही जण खालीच गेलेत, एक तर गेलाच, आणि कागदावर मात्र २५ वरून ३२, पेशंट सुधारले!

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी असाच ग्राफ करून मीटिंगमध्ये दाखवला होता, प्रोग्रॅम बरोबर होता, क्यूसी म्हणजे दुसऱ्याकडून होणारी तपासणी पण पास झाली होती. एक वयस्कर न्यूरॉलॉजिस्ट बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, ही रेघ शेवटी वर का जातेय, माझे पेशंट तर कधी वर जात नाहीत. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी यादी काढली, कोण कोण यायचं थांबलं आणि थांबण्याआधी त्यांचे गुण किती होते, आणि ती यादी वाचताना मला पहिल्यांदा कळलं की फाइलमधला रिकामा रकाना हा रिकामा नसतो, तिथे बहुतेक वेळा सगळ्यात जास्त आजारी माणूस असतो. पुढे पीएचडी याच विषयात केली ती त्या रात्रीमुळे.

मग करतात काय? पूर्वी वर्षानुवर्षं एक पद्धत होती, एलओसीएफ म्हणतात, शेवटचा जो आकडा मिळाला तोच पुढे ओढत न्यायचा. वाढत जाणाऱ्या आजारात हे फार वाईट. औषधाच्या साइड इफेक्टमुळे कुणी दुसऱ्याच महिन्यात सोडून गेला तर त्याचा दुसऱ्या महिन्यातला चांगला आकडाच शेवटपर्यंत राहणार, म्हणजे जे औषध सहन न होऊन जास्त लोक लवकर पळतात ते औषध जास्त चांगलं दिसणार. आता जॉइंट मॉडेल वापरतात, ज्यात गुणांची रेघ आणि मृत्यू किंवा गळती हे दोन्ही एकत्र मांडतात, म्हणजे ज्याची रेघ वेगाने खाली जातेय त्याची जाण्याची शक्यताही जास्त हे मॉडेललाच माहीत असतं. एएलएसमध्ये अजून एक साधा आणि मला आवडणारा उपाय आहे, प्रत्येक पेशंटची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावायची, जो आधी वारला तो खाली, दोघंही जगले तर ज्याचे गुण जास्त घसरले तो खाली, आणि मग सगळ्यांचा क्रम लावून दोन गटांची तुलना करायची. मरण आणि अपंगत्व दोन्ही एकाच मोजणीत येतात, कुणी बाहेर राहत नाही.

२०१९ मध्ये आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई९ या स्टॅटिस्टिक्सच्या नियमावलीची पुरवणी आली, एस्टिमांडवाली, म्हणजे ट्रायलमधून नक्की काय मोजायचं ते आधी ठरवण्याची. तिच्यामुळे आता ट्रायल सुरू व्हायच्या आधीच लिहून द्यावं लागतं की पेशंट वारला, औषध सोडलं, दुसरं औषध सुरू केलं तर त्याचं काय करणार. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, नीट वाचून जा.

आजार नक्की कधी सुरू झाला हेच माहीत नसतं, मग वेळ कुठून मोजता?

खूप चांगला प्रश्न. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला विसरभोळेपणा दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून सुरुवात होते. एवढी वर्षं एका माणसाच्या मागे कुठलाच स्टडी राहू शकत नाही, आपल्याला प्रत्येकाच्या आयुष्यातले चार-पाच वर्षांचे तुकडेच मिळतात.

माउलींच्या पालखीचा रस्ता डोळ्यासमोर आणा, फक्त रस्त्यापुरती ही उपमा घ्या. समजा तुम्हाला कुणी सांगितलंच नाही की पालखी आळंदीहून निघते. तुमच्याकडे एक वारकरी सासवड ते जेजुरी चालताना बघितल्याची नोंद आहे, दुसरा लोणंद ते फलटण, तिसरा नातेपुते ते माळशिरस. कोण कधी निघाला माहीत नाही, प्रत्येकाची चाल वेगळी. हे तुकडे एकमेकांना जुळवून अख्खा रस्ता उभा करायचा आणि मग प्रत्येक जण त्या रस्त्यावर कुठे आहे ते सांगायचं. अल्झायमरची मॉडेल्स नेमकी हेच करतात, वयाऐवजी आजाराचं स्वतःचं घड्याळ काढतात. लंडनच्या यूसीएल विद्यापीठातल्या लोकांनी २०१२ मध्ये इव्हेंट-बेस्ड मॉडेल मांडलं, त्यात आधी काय बिघडतं आणि नंतर काय याचा क्रम काढतात, पेशंटची एकच व्हिजिट असली तरी. पुढे २०१८ मध्ये सस्टेन नावाची पद्धत आली, ती म्हणते की सगळे एकाच रस्त्याने जात नाहीत, काही देहूहून निघून दुसऱ्याच गावांवरून जातात, तर रस्ते किती आणि कुठला पेशंट कुठल्या रस्त्यावर हे पण डेटातूनच काढा.

हंटिंग्टनमध्ये हे थोडं सोपं, कारण जीन १९९३ मध्येच सापडला, त्यातल्या सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा जास्त असेल तर पुरेसं आयुष्य मिळालं तर आजार होतोच, आणि संख्या जितकी जास्त तितका साधारण लवकर. त्यामुळे लक्षणं यायच्या कितीतरी आधीपासून मोजता येतं. सोपं म्हणजे स्टॅटिस्टिक्सला सोपं, त्या घरांना नाही.

माझ्या माणसाला किती दिवस उरलेत हे मॉडेल सांगू शकतं का?

गटाबद्दल बऱ्यापैकी सांगू शकतं, एका माणसाबद्दल खात्रीने नाही. युरोपातल्या १४ एएलएस सेंटरमधल्या ११,४७५ पेशंटांवरून केलेलं एक मॉडेल २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आजार कुठल्या वयात सुरू झाला, बोलण्या-गिळण्यापासून सुरू झाला का, निदानाला किती उशीर झाला, श्वासाची क्षमता, गुण किती वेगाने घसरतायत, अशा आठ गोष्टींवरून ते पेशंटचे पाच गट करतं. सगळ्यात वेगवान गटात निम्मे पेशंट लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण १८ महिन्यांच्या आत मृत्यूपर्यंत किंवा कायमच्या व्हेंटिलेटरपर्यंत पोचतात, सगळ्यात संथ गटात त्याला ९१ महिने लागतात. फरक बघा किती मोठा आहे. पण प्रत्येक गटात पुन्हा पुढे-मागे असणारे असतातच.

ही माहिती पेशंटला हवी आहे का हे आधी पेशंटलाच विचारावं लागतं. काहींना हवी असते, मुलीचं लग्न अलीकडे घ्यायचं असतं, शेताची कागदपत्रं करायची असतात. काहींना अजिबात नको असते आणि त्यांच्या घरच्यांनीही ती परस्पर काढून आणू नये असं मला मनापासून वाटतं.

औषधाने आजार २७ टक्के मंदावला असं पेपरात येतं, म्हणजे काय?

लेकानेमॅब या अल्झायमरच्या औषधाची बातमी. १,७९५ लोक, १८ महिने, सुरुवातीच्या टप्प्यातले अल्झायमरवाले. सीडीआर-एसबी नावाचं ० ते १८ चं स्केल, जितके गुण जास्त तितका आजार जास्त. औषध न घेतलेल्यांचे १८ महिन्यांत १.६६ नी वाढले, घेतलेल्यांचे १.२१ नी. फरक ०.४५, आणि ०.४५ भागिले १.६६ म्हणजे २७ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पण ऐकणाऱ्याला २७ टक्के म्हटलं की आई २७ टक्के बरी होणार असं वाटतं, तसं नाहीये, ती पण खाली जाणारच आहे, जरा हळू. अठरा पॉइंटच्या स्केलवर अर्ध्या पॉइंटपेक्षा कमी फरक घरात जाणवेल का यावर न्यूरॉलॉजिस्टमध्येच एकमत नाही. शिवाय औषध घेतलेल्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली, बहुतेकांना त्याची लक्षणं नव्हती तरी. माझं मत असं की बातमीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायला हवेत, नुसता टक्का छापणं घरच्यांवर अन्याय आहे.

एएलएसमधलं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. रेलिव्हरिओ नावाचं औषध. पहिली ट्रायल १३७ पेशंटची, २४ आठवडे, गुणांमध्ये दोनेक पॉइंटचा फरक दिसला, सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग ६६४ पेशंटची मोठी, ४८ आठवड्यांची ट्रायल झाली, मार्च २०२४ मध्ये निकाल आला, फरक काहीच नाही. एप्रिलमध्ये कंपनीने औषध स्वतःहून मागे घेतलं. कुणी फसवलं नव्हतं. आजाराचा वेगच माणसागणिक इतका वेगळा असतो की १३७ जणांमध्ये नुसत्या योगायोगानेही दोन पॉइंट इकडचे तिकडे होऊ शकतात. पण ज्यांनी त्या दीड वर्षात आशेने ते औषध घेतलं त्यांचा विचार केला की सॅम्पल साइझचं गणित करताना मी आता कधीच घाई करत नाही.

याउलट टोफरसेन. ते एसओडी१ जीनमुळे होणाऱ्या एएलएसवर आहे, असे पेशंट थोडेच. २८ आठवड्यांच्या ट्रायलमध्ये मुख्य मोजमापात फरक सिद्ध झाला नाही, पण रक्तातलं न्यूरोफिलामेंट स्पष्ट खाली आलं, हे चेतापेशी मोडताना बाहेर पडणारं प्रथिन. त्यावर एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली गेली. न्यूरोफिलामेंट खाली आलं म्हणजे माणूस जास्त जगेल का, हा आता आमच्या क्षेत्रातला मोठा प्रश्न आहे आणि नव्याने येणाऱ्यांना त्यात भरपूर काम आहे.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडचा डेटा?

आहे, आणि वाढतोय. लासी नावाचा देशभराचा वृद्धांचा सर्व्हे आहे, ७० हजारांहून जास्त लोकांचा, तो आपल्या मुंबईतल्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेतून चालतो. त्याचाच डिमेन्शियाचा म्हणजे स्मृतिभ्रंशाचा भाग लासी-डॅड, त्यावरून ६० च्या पुढच्या लोकांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आला. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा कर्नाटकातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांमधला स्टडी वर्षानुवर्षं त्याच लोकांना तपासतोय, आणि प्रोग्रेशनसाठी असाच डेटा लागतो, एकदाच मोजून रेघ काढता येत नाही.

पण मोजपट्टीची अडचण मोठी. आज तारीख काय हा प्रश्न तिथीवर दिवस मोजणाऱ्या आजीला विचारला तर तिचे गुण जाणार, डिमेन्शिया नसताना. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवली होती. एएलएसच्या स्केलमध्ये जेवणाचे तुकडे कापता येतात का असा प्रश्न आहे, आपल्याकडे सुरी-काट्याने कोण जेवतं, भाकरी मोडता येते का असंच विचारावं लागतं. जिन्याचा प्रश्न घ्या, वाडीवरच्या बैठ्या घरातला माणूस जिना चढतो कधी? हे प्रश्न कसे विचारले ते प्रत्येक सेंटरने सारखं ठेवलं नाही तर सोलापूरचा पेशंट आणि पुण्याचा पेशंट यांच्या रेघा शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. इथे मराठी येणारे स्टॅटिस्टिशियन हवेत, खरंच हवेत.

बारावीला बायोलॉजी नव्हतं, चालेल का? कुठून शिकू?

चालतं, मलाही नव्हतं. गणित पक्कं हवं. बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, मग एमएस्सी. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, आयआयपीएसला बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीची एमएस्सी आहे, महाराष्ट्राबाहेर कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय), वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी). न्यूरोमध्येच जायचं पक्कं असेल तर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बायोस्टॅटिस्टिक्सचा विभागच आहे. आणि एक, ओळख काढून न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत परवानगीने एक दिवस बसा. स्केल भरताना पेशंट काय म्हणतो, बायको मधेच काय दुरुस्त करते, नर्स ३ लिहू की २ लिहू म्हणून कशी थांबते ते बघा. तुमच्या डेटातला प्रत्येक आकडा असाच जन्मलेला असतो.

स्टॅटिस्टिक्ससाठी सॉफ्टवेअर कोणतं शिकू, सॅस की आर?

नोकरीसाठी सॅस अजून लागतं, विचार करायला आर. दोन्ही शिका. पुढे स्टॅन. पायथन इमेजिंगवाल्यांसोबत काम करायचं असेल तर.

नोकऱ्या कुठे आहेत, सुरुवात कशी असते?

पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद. बहुतेकांची सुरुवात स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर म्हणूनच होते, म्हणजे डेटा बसवायचे ठरलेले साचे एसडीटीएम, अ‍ॅडॅम, अहवालातली टेबलं-ग्राफ म्हणजे टीएलएफ, एकच काम दोघांनी वेगवेगळं करून जुळवायचं म्हणजे डबल प्रोग्रॅमिंग, डेटाबेस लॉकच्या (डेटा गोठवण्याच्या) आधी रात्री उशिरापर्यंत बसणं. कंटाळवाणं आहे असं खूप जण सांगतील, पण मी ती पाच वर्षं वाया गेली असं अजिबात मानत नाही, डेटा घाण कुठे होतो हे तिथेच कळतं. फक्त दोनेक वर्षांनी सॅप, म्हणजे विश्लेषणाचा आराखडा, लिहायला मिळतोय का ते बघा, नुसती टेबलं काढत राहिलात तर मॉडेलिंगकडे वळणं अवघड जातं. मॉडेलिंगच्या पदांना बहुतेक ठिकाणी पीएचडी विचारतात. जॉइंट मॉडेलसाठी रॉटरडॅम, आजाराच्या घड्याळासाठी लंडन, एएलएससाठी उट्रेख्त, ही नावं अर्ज करताना बघून ठेवा.

एआय आल्यावर हे काम उरेल का?

कोड लिहिणं कमी होईल, झालंच आहे. पण रेघ शेवटी वर का जातेय हे विचारणारं कुणीतरी लागेलच, आणि ते विचारायला पेशंट कसा असतो हे माहीत असावं लागतं.

मन जड होत नाही का?

होतं. एखाद्या आयडीचे गुण ३८, ३५, २९, २२ असे वाचत खाली यायचं आणि मग पुढे मृत्यूची तारीख. नाव माहीत नसतं, तरी काही आयडी लक्षात राहतात. अशा दिवशी मी लवकर निघते, आईला फोन करते.

मला आत्ताच काहीतरी करून बघायचंय, कुठून सुरू करू?

प्रो-अ‍ॅक्ट नावाचा एएलएसचा डेटाबेस आहे, २०१२ पासून, जुन्या ट्रायलमधले दहा हजारांहून जास्त पेशंट, नावं काढून टाकलेली. रजिस्टर करून अर्ज केला की फुकट मिळतो. अल्झायमरचा अ‍ॅडनी आणि पार्किन्सनचा पीपीएमआय पण अर्जावर मिळतात. मॉडेल लगेच लावू नका. आधी पन्नास पेशंट घ्या आणि प्रत्येकाची रेघ वेगळी काढा, ज्याला स्पॅगेटी प्लॉट म्हणतात, घरी दाखवायचं असेल तर शेवया म्हणा. मग जी रेघ मधेच थांबलीय तिच्या टोकावर लाल ठिपका द्या, आणि ती तिथे का थांबली ते प्रत्येक ठिपक्यासाठी मृत्यूच्या फाइलमध्ये जाऊन शोधा.